जुळी अक्षरं

आमच्या लाँड्रीच्या गल्ल्यावर ही बसायची. एकदा तिने हाक मारली, "अहो, हे नाणं बघा. अक्षरं दोन-दोन दिसतात."

"नाणं धडधाकट आहे. तुझा चष्मा बदल," इस्त्रीवरची मान न उचलता मी म्हणालो.

तिने खरंच बदलला. पुन्हा नाण्याचं नाव काढलं नाही.

ती गेल्यावर बटणांच्या डब्यात, कागदाच्या पुडीत ते नाणं सापडलं. पन्नाशीत तिने मला अक्षरं शिकवली ती नाण्यांवरूनच. उठावाची असतात, बोटाला कळतात. बोट फिरवलं. प्रत्येक अक्षराला खेटून जुळं लागलं, पण माझ्या बोटाचा काय भरवसा? तिचं बरोबर होतं की माझं, एवढं मला कळायला हवं होतं. नाणेवाल्याकडे न्यायचं म्हणून भांड्यांच्या पावडरीने घासून लख्ख केलं.

त्याने कपाळाला हात लावला. "काका, याला अंघोळ कशाला घातलीत?"

"का? काय झालं?"

"टाकसाळीत नाणं ठोकताना ठसा नुसता हलला, तर अक्षराच्या बाजूला चपटी पायरी उठते. तसली नाणी पोत्याने मिळतात. पण ठसाच दुहेरी बनला असेल, तर दोन्ही अक्षरं गोलसर उठतात आणि कोपऱ्यात खाच दिसते. तुम्ही कोपरेच घासलेत. आता मी कसं सांगू?"

"मग?"

"एका ठशाची सगळी नाणी सारखीच. दुसरं शोधा."

दुकानाची जुनी चिल्लर दोन डबे भरून पडली होती. तीन आठवडे भिंग घेऊन बसलो. घरात दुसरा आवाज नव्हता, म्हणून प्रत्येक नाणं मोठ्याने वाचायचो.

सापडलं. काळं पडलेलं. त्यावर फुंकरसुद्धा घातली नाही.

नाणेवाला ते बराच वेळ भिंगाखाली कलवत राहिला. "खाच आहे. अस्सल दुहेरी ठसा. नजर तेज आहे हं, काका!"

"माझी नाही," मी म्हणालो.

घरी आलो. "अगं, ऐकलंस का," तोंडातून निघून गेलं. मग तिचा खण उघडला. दोन चष्मे होते, जुना आणि नवा. दोन्हींच्या घरांत चष्मेवाल्याच्या चिठ्ठ्या. एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचल्या.

दोन्हींचा नंबर एकच होता.