गिऱ्हाइकाच्या घरी एकच तोंड

कानसेन हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पण खरे नाव आता गल्लीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनाच आठवत असेल. चाळीस वर्षे त्यांनी लोकांचे बिघडलेले फ्रिज दुरुस्त केले, आणि तेही कानाने. फ्रिजच्या पाठीमागे गुडघे टेकून बसायचे, स्क्रूड्रायव्हरचे टोक कॉम्प्रेसरच्या काळ्या पोटाला लावायचे, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मिनिटाभराने डोळे उघडत, ते दोषाचे नाव घेऊनच. ते नाव चुकल्याचे कुणी ऐकले नव्हते.

सून गेली अकरा वर्षे त्यांच्या हाताखाली होती. मुलाला साधा फ्यूज बदलताना घाम फुटे. तो कचेरीतल्या कागदांत रमला. उलट लग्न होऊन आलेल्या या मुलीने दुसऱ्याच महिन्यात घरातला मिक्सर खोलून त्याचे सारे अवयव ओट्यावर ओळीने मांडले, तेव्हा सासऱ्यांनी रागावण्याऐवजी तिच्याकडे स्टूल सरकवले. पुढे ती दुकानात येऊ लागली आणि पहिल्याच दिवशी तिला एक नियम सांगण्यात आला: गिऱ्हाइकाच्या घरी एकच तोंड बोलणार. तरुणपणी कानसेनांचा आणि त्यांच्या भागीदाराचा उघड्या फ्रिजसमोर वाद झाला होता. एक म्हणे थर्मोस्टॅट गेला, दुसरा म्हणे वायर तुटली. घरधन्याने दोघांचे शांतपणे ऐकून घेतले, आधी फ्रिजचे दार लावले आणि मग घराचे. तेव्हापासून भांडायचे ते दुकानात. उंबरठ्यापलीकडे एकच तोंड, आणि ते कानसेनांचे. सुनेने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशी सकाळी अक्कांचा निरोप आला, की फ्रिजमधला दिवा लागतो आहे, पण दूध नासले. अक्का म्हणजे कानसेनांची थोरली बहीण. पंचाहत्तरी उलटली होती, दोन खोल्यांत एकट्या राहत, आणि आवाज असा की त्या तळमजल्यावर बोलल्या की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस आपले काय चुकले ते आठवू लागे. हा फ्रिज भावानेच निवडून, स्वतः बसवून दिलेला होता. त्यांची आई शेवटची दोन वर्षे अक्कांकडे होती, तेव्हा तिची औषधे ठेवण्यासाठी घेतलेला. आई जाऊन चोवीस वर्षे झाली, तरी वरच्या कप्प्यातली औषधांची उजवी बाजू अक्का रिकामीच ठेवीत.

"दोनदा हाक मारली, धाकट्या," अक्का दारातच म्हणाल्या. "बहिरा झालास की काय?"

"तुझ्या आवाजानं झालो असेन," कानसेन म्हणाले, आणि हसत आत शिरले.

काम नेहमीच्या क्रमाने चालले. सॉकेटमध्ये वीज होती. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकमेकींना जोडून पाहिल्या. फरक पडला नाही. कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर लावून कान दिला आणि मान हलवली. मग प्लग काढायला लावून त्यांनी कॉम्प्रेसरच्या कुशीतला रिले उपसला. काड्यापेटीएवढी ही प्लास्टिकची डबी सुरुवातीचा धक्का देते, तेव्हा कॉम्प्रेसर फिरू लागतो. आतली चकती फुटली, की बिचारा जागच्या जागी कण्हतो, तापतो आणि दमून गप्प बसतो. ओळखायची रीत सोपी आहे: डबी हलवायची. खुळखुळली, तर गेली.

कानसेनांनी डबी उजव्या कानाशी धरून तीनदा हलवली.

सून बॅटरी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चांगली चार पावले दूर. तिला खुळखुळ स्पष्ट ऐकू आली.

"रिले ठणठणीत आहे," कानसेन म्हणाले. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला आणि कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला. "तापलाय आणि मुका आहे. आत जळला. अक्का, याचं आयुष्य संपलं."

सुनेचे तोंड उघडले होते. ते तिने मिटले.

अक्कांनी फ्रिजच्या दांड्यावर हात ठेवला आणि पुसल्यासारखा करून काढून घेतला. त्या म्हणाल्या, ठीक आहे, भंगारवाला बाराला समोरच्या इमारतीत यायचाच आहे, त्याला सांगते. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. भावंडे बाहेरच्या खोलीत जाऊन आईविषयी बोलू लागली, तेव्हा सुनेने पिशवीतून मीटर काढले. कानसेन मीटरला 'कान नसलेल्यांचा चष्मा' म्हणत. ती ते मुकाट्याने वापरी. कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर तिने तीन आकडे घेतले. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी होती. आत काहीही जळलेले नव्हते.

दुकानापर्यंतच्या वाटेवर सासरे पुढे आणि सून पिशवी घेऊन एक पाऊल मागे, असे नेहमीसारखे ते चालले. तिच्या डोक्यात मात्र एक चोरवाट आखली जात होती. बॅटरी विसरली म्हणून एकटीने परत जायचे, नवा रिले बसवायचा, अक्कांना सांगायचे की प्लगच सैल होता. फ्रिज वाचेल आणि मामंजींचे नावही राहील. बेत इतका सोपा होता की तिला त्याची भीती वाटली. कारण गेल्या महिन्यात शिंपीणबाईंचा फ्रिज असाच निकालात निघाला होता. तेव्हा ती बाहेर सॉकेट तपासत होती. आत डबी हलवली गेली ती एकट्या मामंजींच्या कानाशी. शिंपीणबाईंनी तो फ्रिज भंगारात दिला आणि दुसरा घेतला. आज चोरवाट धरली, तर उद्या कुणाच्या तरी घरातून आणखी एक चांगला फ्रिज बाहेर निघेल, आणि मागे उभी राहून ती ते बघेल. दुसरीकडे, सत्य सांगितले तर या माणसाजवळ काय उरते? कानसेनांना कानच नाही, असे म्हणणे म्हणजे नावासकट माणूस पुसून टाकण्यासारखे होते.

दुकानात शिरताच कानसेनांनी खिशातली डबी काढली आणि चांगल्या सुट्या भागांच्या खणात टाकली. मेलेल्या यंत्रातले जिवंत भाग जपून ठेवायचे, ही त्यांची सवय होती. ते पाहिल्यावर सुनेला विचार करायला जागाच राहिली नाही. उद्या ही डबी दुसऱ्या कुणाच्या फ्रिजमध्ये बसली असती.

तिने खण उघडून ती काढली. "मामंजी, ही जरा मुठीत घेता?"

त्यांनी विचारले, कशाला. तिने आठवण करून दिली, की छापखान्यातला मोठा फ्रिज बिघडला होता तेव्हा यंत्रांच्या खडखडाटात काहीच ऐकू येत नव्हते, आणि त्यांनीच तिला शिकवले होते: कान चालत नाही तिथे बोटांना विचार.

"इथं कुठं खडखडाट आहे?" ते म्हणाले, पण घेतली.

मूठ हलली. एकदा, दोनदा. मग कॉम्प्रेसर ऐकताना मिटत तसे डोळे मिटून ते मूठ हलवत राहिले, आणि फुटक्या चकतीचे तुकडे डबीच्या आत आपटलेले त्यांच्या तळहाताला कळत गेले.

"हे तिथं वाजलं होतं?"

"हो."

"तुला दारातून ऐकू आलं?"

"हो, मामंजी."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेने खाली पाहिले. "तिथं तोंड तुमचं असतं."

कानसेन चिडले. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात, यंत्रेसुद्धा पूर्वीसारखी वाजत नाहीत, असे काहीबाही बोलून गेले.   रेडिओ मोठा लावतो, ते म्हणाले, तो गाणे भरघोस वाटावे म्हणून. आणि हे वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडून दिले.

मग त्यांनी खण पूर्ण बाहेर ओढला आणि बाकावर ठेवला. त्यात सात रिले होते. एकेक डबी मुठीत घेऊन ते हलवू लागले. पहिल्या चार त्यांनी डावीकडे ठेवल्या. पाचवी त्यांनी पुन्हा हलवली, आणि मग तिच्याकडे बघत राहिले. डबीच्या पाठीवर त्यांच्याच हातची, ज्या घरातून ती आणली त्याची खूण होती: एक छोटी कात्री.

"शिंपीणबाईंचा मी ऐकला होता," ते म्हणाले. मग कात्रीवर अंगठा फिरवून म्हणाले, "म्हणजे, नव्हता ऐकला."

सुनेने घड्याळ दाखवले. साडेअकरा वाजत होते.

भंगारवाला लवकर आला होता. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढलेला, त्याच्या पोटाभोवती दोरी, आणि वरच्या कप्प्यातल्या बाटल्या टेबलावर. अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या, दुसरीकडे बघत. भावाला पाहून त्यांनी विचारले, आता काय विसरलास. कानसेन उंबरठ्याशीच थांबले आणि त्यांनी सुनेच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

"अक्का, आज ही बोलेल."

सुनेला पहिले वाक्य जुळवायला वेळ लागला. अकरा वर्षे हे तोंड उंबरठ्यापलीकडे बोलले नव्हते. तिने सांगितले की कॉम्प्रेसर चांगला आहे, मोजून पाहिला आहे. रिले गेला आहे, नवा बसवते. भंगारवाल्याला तिने दोरी सोडायला सांगितली, आणि आपल्या आवाजात अक्कांचा थोडा आवाज मिसळल्यासारखा तिला वाटला. त्याने हिरमुसून दोरी गुंडाळली. नवी डबी बसली, झाकण लागले, प्लग सॉकेटमध्ये गेला. क्षणभर काही नाही. मग फ्रिज अंग झाडल्यासारखा हलला आणि एका संथ सुरात चालू लागला. कानसेनांनी तळहात त्याच्या पाठीवर ठेवला होता. तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

"मग सकाळी काय झालं होतं?" अक्कांनी विचारले.

सुनेने मामंजींकडे पाहिले. हे सांगणे तिचे नव्हते.

"सकाळी मला ऐकू आलं नाही," कानसेन म्हणाले. "हल्ली येतच नाही."

"दोन वर्षं झाली," अक्का म्हणाल्या. "मी काय हौस म्हणून ओरडते?"

त्या उठल्या आणि टेबलावरच्या बाटल्या एकेक करून आत लावू लागल्या. वरच्या कप्प्याची उजवी बाजू रिकामी राहिली. दार लावता लावता त्यांनी सुनेला सांगितले, की यापुढे आपल्याकडे काही बिघडले तर तू ये. धाकट्याला आण, बोटे त्याची अजून चांगली आहेत.

परतताना कानसेनांनी दुकानाचे वळण घेतले नाही. पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती, आणि खिशात कात्रीची खूण असलेली डबी. शिंपीणबाईंच्या दारापाशी आल्यावर सुनेने घसा साफ केला. वाक्य तिने वाटेतच जुळवून ठेवले होते: मामंजींना कमीपणा येणार नाही, असे.

"इथं नाही," ते म्हणाले. "दोष काय होता ते विचारलं, तर तू सांग. चुकलं कुणाचं, ते माझ्या तोंडानं."

त्यांनी घंटीचे बटण दाबले आणि ती वाजली की नाही हे कळावे म्हणून दुसरा हात चौकटीवर टेकला. शिलाईचे यंत्र आत थांबले. पावले दाराकडे येऊ लागली, तशी सुनेने त्यांच्या बाहीला हलकेच हात लावला, आणि कानसेनांनी खिशातली डबी बाहेर काढली.