मातीच्या मापाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पट्टी आहे. चिनीमातीच्या वस्तूंची मॉडेल बनवायला शिकवणाऱ्या शाळेत, खिडकीशेजारच्या खिळ्यावर मी टांगलेली असते. लांबून पाहाल तर तुमच्या दप्तरातल्या पट्टीसारखीच दिसेन. पण तिच्या शेजारी मला ठेवलेत, तर आमचे जमायचे नाही. माझा प्रत्येक सेंटिमीटर तिच्यापेक्षा किंचित मोठा आहे.

का, ते सांगते. माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते. म्हणून प्लॅस्टरचे मॉडेल आधीच थोडे मोठे कोरावे लागते. किती मोठे, ते माझ्या अंगावर आखलेले आहे. वस्तू मोजायची साध्या पट्टीने, मॉडेल कोरायचे माझ्या मापाने. इथल्या सरांनी एकेक रेघ भिंगातून पाहत मला घडवले. तेव्हा माझे फार लाड झाले. तरी एक सल होताच. साध्या पट्ट्या एकमेकींशी जुळत, माझे त्यांच्यातल्या एकीशीही जुळत नसे.

निवृत्त होताना सरांनी मला मावशींच्या हवाली केले. मावशी म्हणजे वर्गातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थिनी. अर्धे आयुष्य त्यांनी कारखान्यात कपबश्या कागदात गुंडाळून खोक्यांत भरल्या होत्या. आता मॉडेल विभागात जागा मिळणार होती, पण परीक्षा पास झाल्या तरच. "लेक म्हणते, आई, या वयात कशाला हा उपद्व्याप?" असे त्या माझ्यावरची पूड रुमालाने पुसता पुसता सांगत. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच सांगत. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

परीक्षेच्या तोंडावर नवे स्टोअरकीपर आले. माणूस शिस्तीचा. त्यांनी टेबलावरची, भिंतीवरची प्रत्येक पट्टी ताडून पाहिली. माझी पाळी आली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही तर साफ खोटी आहे," ते म्हणाले.

मी टेबलाखालच्या भंगाराच्या खोक्यात गेले. माझ्या खिळ्यावर नवी चकचकीत, साध्या मापाची पट्टी लटकली. बाकीच्या विद्यार्थ्यांच्या माझ्यासारख्या पट्ट्या त्यांच्या पेट्यांत होत्या, म्हणून वाचल्या.

परीक्षेत प्रत्येकाला एक भाजलेली किटली मिळाली. तिला झाकण करायचे होते. मावशींचा हात सवयीने खिळ्याकडे गेला. हाताने खिळा ओळखला, पट्टी पाहिलीच नाही. त्यांनी कोरलेले मॉडेल किटलीच्या तोंडावर चपखल बसले. भीतीने आधीच अर्ध्या झालेल्या मावशींना हायसे वाटले. माझा मात्र जीव खालीवर होत होता. मॉडेल आत्ताच बसले, म्हणजे झाकण भाजल्यावर बसणार नव्हते. मी ओरडले असते, पण पट्टीला कुठला आवाज?

त्या मॉडेलच्या साच्यातून काढलेले झाकण भट्टीतून आले. परीक्षकांनी ते किटलीवर ठेवले आणि ते टणकन आत पडले.

मावशींनी हातातली पट्टी निरखून पाहिली, मग खिळा पाहिला.

"इथली जुनी पट्टी कुठंय?"

"ती होय? खोटी होती, टाकली भंगारात," स्टोअरकीपर म्हणाले.

"खोटी नव्हती हो," मावशी हळूच म्हणाल्या. "मातीची होती."

टेबलाखाली वाकून त्यांनी मला शोधले, पुसले आणि खिळ्यावर परत टांगले. निकाल काही बदलला नाही. त्या पुन्हा खोकी भरायला गेल्या. पुढच्या परीक्षेला मात्र आल्या तशा सरळ माझ्याकडे आल्या. या वेळी मॉडेल किटलीवर बसेना, तेव्हा त्या समाधानाने हसल्या. भाजलेले झाकण अलगद बसले. मावशी पास झाल्या आणि मॉडेल विभागात गेल्या. जाण्यापूर्वी ते पहिले, आत पडलेले झाकण त्यांनी माझ्या खालच्या फळीवर ठेवले.

आता आकसण्याचा हिशेब कॉम्प्युटर करतो. मला कुणी टाकत नाही आणि कुणी घेतही नाही. दिवसभर मी त्या झाकणाकडे पाहते. ते कुठल्याच किटलीला बसत नाही आणि मी कुठल्याच साध्या पट्टीशी जुळत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणी असे असेल. त्याला चुकीचे ठरवण्याआधी विचारा, तू कशासाठी आहेस? आणि कधी या बाजूला आलात, तर मला खिळ्यावरून काढून थोडा वेळ हातात धरा. काही मोजले नाही तरी चालेल.