जांभळी टोपी

वर्नाने थर्मासातली कॉफी झाकणात ओतली आणि शेजारच्या बाईपुढे धरली. बाई जांभळ्या शालीत कुडकुडत होती. आपल्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला ती नवऱ्यासोबत पार पश्चिम किनाऱ्यावरून, दोन विमानं बदलून कॅन्ससमध्ये आली होती.

"किती चांगली माणसं आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही जिंकलात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही."

वर्ना हसली, पण मनातून खट्टू झाली. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, आणि कुणालाच वाईट वाटणार नाही.

चाळीसहून जास्त वर्षं या शनिवारी ब्रॅडॉक कॉलेज विरुद्ध कॉर्विल कॉलेज हाच सामना असायचा. दोन गावांत साठ मैलांचं अंतर, मधे नुसता गहू. वर्ना ब्रॅडॉकमध्ये शिकली, तिचा धाकटा भाऊ मर्ल कॉर्विलमध्ये. सामन्याच्या आधीच्या सोमवारपासून त्याचे फोन सुरू व्हायचे.

"तुमच्या पोरांना बुटाच्या नाड्या बांधता यायला लागल्या का गं?"

ती त्याच्या संघाची, प्रशिक्षकाची आणि खुद्द त्याची अक्कल काढायची. एरवी वर्षभर दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे.

तीन वर्षांपूर्वी ब्रॅडॉकने जुनी लीग सोडली आणि टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमध्ये उडी घेतली. कॉर्विल मागे राहिलं. सामना बंद झाला, फोनही बंद झाले. या एप्रिलमध्ये मर्लची बायको डोरीन गेली, तेव्हा वर्ना दफनाच्या वेळी त्याच्या शेजारी उभी राहिली.

"काही लागलं तर सांग," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. तेवढंच.

खेळाचा दुसरा भाग सुरू झाला आणि पायऱ्यांवरून कुणीतरी कठडा धरत सावकाश वर येताना दिसलं. डोक्यावर कोरी करकरीत जांभळी टोपी. वर्नाची जागा त्याला पाठ होती.

"सरक," मर्ल म्हणाला.

ती सरकली. "हे काय घातलंयस?"

"बाहेर मिळाली."

"कुठलं कॉलेज आहे ते तरी ठाऊक आहे का?"

"तुमच्या विरुद्ध खेळतंय. आणखी चौकशी कशाला करू?"

जांभळ्या शालीतली बाई खूश होऊन पुढे वाकली. "तुम्ही आमच्याकडचे का?"

"आजच्यापुरता," मर्ल म्हणाला.

वर्नाने त्याच्याकडे पाहिलं. शर्टाची गुंडी चुकीच्या काजात गेली होती. हनुवटीखाली दाढीचे खुंट राहिले होते. वेळेवर जेवतोस ना रे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

तेवढ्यात ब्रॅडॉकचा एक खेळाडू चेंडू घेऊन निसटला आणि थेट शेवटच्या रेषेपार गेला; ब्रॅडॉकला गुण मिळाले. सगळं मैदान उठून उभं राहिलं. वर्नाही उठली, आणि भावाच्या कानाशी वाकली.

"तू येऊन पाच मिनिटं नाही झाली, तर यांचं वाटोळं. कॉर्विलचा पायगुणच तसला."

मर्लने एक सणसणीत शिवी हासडली. शालीतली बाई दचकून नवऱ्याकडे सरकली.

"आणि एकोणनव्वद साली काय झालं होतं तुमचं? विसरलीस?" त्याचा आवाज चढला होता, मान लाल झाली होती. "चिखलात लोळत होते तुमचे अकराच्या अकरा. डोरीन साक्षीला होती. तिला..."

त्याने जांभळी टोपी कपाळावर खाली ओढली.

"तिला काय?" वर्ना म्हणाली. "बोल की. घाबरलास?"

मर्लने एकोणनव्वद सालचा सामना पहिल्यापासून सांगायला घेतला. त्यातलं निम्मं खोटं होतं. वर्ना खाली बसली आणि तिने त्याला सांगू दिलं.