पुढून नवरी, मागून म्हातारी

घरात उजेडाची म्हणावी अशी खोली एकच, रस्त्याकडची, रुंद दाराची. तिच्यात गाडी राहत होती आणि माणसं मागच्या अंधारात. इंग्लंडात घडलेली, दोघांपुरती, छप्पर उघडणारी, शर्यतीच्या घाटाची गाडी. तसल्या आता जगात मोजक्याच उरल्या होत्या. नवरा तिला राणी म्हणे. बायको म्हणे सवत. “खरी सवत परवडली असती,” ती शेजारणींना सांगे, “निदान भांडी तरी घासू लागली असती.”

नवऱ्याचा जन्म कारखान्यात पत्रे ठोकण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यानं राणीला नाकाकडून नवी करायला घेतलं. अर्धी होता होता हातच थरथरायला लागले. तेव्हापासून राणी पुढून हिरवीगार, तोंड बघावं अशी. मागून रंग उडालेली, पोचे आलेली. पुढून नवरी, मागून म्हातारी.

आता लेक येत होती. तान्ह्या बाळाला घेऊन, आणि परत न जाण्यासाठी. मागच्या ओल्या खोलीत बाळाची छाती भरेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून राणीनं जायचं, लेक यायच्या आत जायचं, असं ठरलं. नवरा हो म्हणाला होता, पण भिंतीकडे बघत.

जुन्या गाड्यांचा व्यापारी आला. त्याच्या मुठीत फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक होतं. पुढच्या मडगार्डला लावलं, चिकटलं. बॉनेटला लावलं, चिकटलं. मागच्या बाजूला लावलं तर घसरून हातात आलं.

“काका, किल्ली आणता?”

नवरा आत गेला तसा व्यापारी हळू आवाजात म्हणाला, “काकू, पुढचे पत्रे कुणी बदलले?”

“यांनीच. हातानं ठोकून.”

“ही गाडी मूळची सगळी ॲल्युमिनियमची. जुने पत्रे कुठायत?”

“भंगारात घातले. ॲल्युमिनियम पातेल्यांना ठीक, म्हणाले. गाडीला पोलादच हवं.”

व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावला. “हात लागायचा राहिला तेवढीच गाडी शिल्लक आहे बघा. मागच्या भागासाठी घेतो. पुढचं सगळं कापून टाकावं लागेल.”

हे असंच काहीतरी कुणीतरी म्हणावं म्हणून तिनं उभा जन्म वाट पाहिली होती. आता कानावर आलं आणि तोंड कडू झालं. त्या हातोड्याच्या ठोक्यावर तिनं धुणी धुतली होती, त्याच ठोक्यावर दुखरी कंबर धरून दुपारी डोळा लावला होता.

“घ्या तुम्ही,” ती म्हणाली. “पण त्यांच्यासमोर यातलं अक्षर काढू नका. चार शब्द गोड बोला.”

“बोलायला माझं काय जातंय?”

नवरा किल्ली घेऊन आला तसा व्यापारी सुरू झाला. “काका, हात आहे की जादू? असं मडगार्ड मूळ कारखान्यातूनसुद्धा निघालं नसेल!”

“जोड दिसतोय कुठं?”

“शोधून सापडत नाही.”

“ऐकलंस?” नवरा तिच्याकडे वळला. “पुन्हा सांगा हो जरा. ही लग्नापासून बहिरी आहे.”

व्यापाऱ्यानं पुन्हा सांगितलं, वर पदरचे चार शब्द घालून. नवऱ्याची मान ताठ झाली, गालांवर रंग चढला. त्यानं किल्ली खिशात टाकली.

“मग मी विकतो कशाला? हात थरथरेनात का, मागचंही ठोकून काढतो. उद्याच जुने पत्रे उतरवतो.”

“अहो, लेक परवा येतेय.”

“येऊ दे की. राहील महिनाभर मागं.”

“आणि बाळाची छाती?”

“शेगडी लावू. अगं, एवढा जाणकार माणूस काय म्हणाला, ऐकलंस ना?”

जाणकार माणूस फरशीकडे बघत होता. गोड बोलायचं त्याच्याकडे होतं. खरं बोलायचं कुणी त्याच्यावर सोपवलंच नव्हतं. ते तिच्याच वाट्याला आलं.

“अहो, तुम्ही केलंय ते सगळं कापून टाकणार आहेत ते. मागं तुमचा हात लागला नाही, म्हणून विकली जातेय.”

नवऱ्यानं व्यापाऱ्याकडे पाहिलं.

“पोलाद?”

“ॲल्युमिनियम हवं होतं, काका.”

नवऱ्यानं खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. ठेवताना चरा पडू नये म्हणून खाली रुमाल अंथरला.

दुपारी ट्रक येऊन गाडी घेऊन गेला. ती फरशीवरचे तेलाचे डाग घासायला बसली. तो दारात उभा राहिला.

“ते गोड गोड तूच बोलायला लावलंस ना त्याला?”

ती घासत राहिली.

“इतक्या वर्षांत माझ्या कामाला कधी बरं म्हणाली नाहीस. आज पहिल्यांदा कौतुक केलंस, ते दुसऱ्याच्या तोंडानं. आणि तेही खोटं.”

“मडगार्ड खरंच छान झालं होतं हो.”

तो खाली वाकून फरशी बघत म्हणाला, “घास. कोपऱ्यात राहिलाय अजून.”