फ्रिजमधल्या किल्ल्या

फुकटात मिळेल असं एकच घर होतं, आमचं. म्हणून वर्गाच्या फिल्मचं शूटिंग आमच्याच स्वयंपाकघरात ठरलं. दिग्दर्शक आमच्यातलाच. त्याचे मागच्या वर्षीचे दोन विषय अजून राहिलेत, पण आम्ही त्याला साहेब म्हणतो. आवाजाचं काम माझ्याकडे.

आवाजवाल्यांचा एक नंबरचा शत्रू म्हणजे फ्रिज. त्याची घरघर प्रत्येक संवादात घुसते. म्हणून तो बंद करायचा आणि सुरू करायला विसरू नये म्हणून आपल्या घराच्या किल्ल्या त्यात ठेवायच्या. किल्ल्यांशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे निघताना फ्रिज उघडावाच लागतो. पाच घरांत ही युक्ती वापरली, एकदाही दगा दिला नाही. या वेळी मात्र मला घरी जायचंच नव्हतं. मी घरीच होते, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फ्रीझरमध्ये आईने केलेल्या वाटाण्याच्या सूपचा डबा होता. आईला जाऊन चार महिने झालेत. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. बाबा आणि मी त्याचा विषय काढत नव्हतो. मी रोज फ्रीझर उघडून तो जागेवर आहे ना, एवढं बघायचे. बघून काही वाटायचं नाही. ती गेली त्या दिवशीही काही वाटलं नव्हतं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाले होते.

शूटिंगला फिल्ममधल्या आईचं काम करणारी बाई आलीच नाही. साहेबांनी मेकअपवालीच्या केसांना पावडर फासून तिलाच उभं केलं. दिवा दोनदा उडाला. शेवटी, नंतर संवादांच्या मधे भरायला लागते म्हणून, खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड केली. सगळे श्वास रोखून उभे. मी हेडफोनमध्ये ऐकत होते. आवाज कसलाच नव्हता. काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दुधासाठी फ्रिज उघडला.

"अगं, हा बंद कसा? आणि तुझ्या किल्ल्या काय करतायत इथे?"

खाली पाणी साचलं होतं. बाबांनी डबा उघडला, वास घेतला आणि सरळ सिंकमध्ये ओतला.

"बाबा, आईचं होतं ते!"

"नव्हतं." ते डबा विसळत राहिले. "तिचं मी ती गेली त्याच आठवड्यात खाल्लं. एकट्याने. मग तू रोज बघायला लागलीस. म्हणून मीच तसलं करून भरून ठेवलं."

चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. राग आला. माझ्यासाठी चमचाभरसुद्धा ठेवलं नाही यांनी.

"कसं होतं?" मी विचारलं.

"अळणी. शेवटी शेवटी तिला चव कुठे कळत होती." त्यांनी नळ बंद केला. "वरून मीठ घालवेना गं. तसंच खाल्लं."