घरातली फायनल

मनाऊसमध्ये पिरारुकू म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: नदीतला तो माणसाएवढा मासा आणि झेनोबिओ वस्ताद. माशाची चव जास्त चांगली, असं वस्तादाची बायको ओदेते चारचौघांत सांगते. झेनोबिओ आता साठीला टेकलाय. गुडघे कामातून गेलेत, कान तालमीच्या गादीवर घासून घासून भज्यांसारखे झालेत. लढणं सोडूनही बरीच वर्षं झाली, तरी मासळीबाजारातून जाताना "काय पिरारुकू, आज कोणाला लोळवलंत?" अशी हाक येतेच, आणि त्याला ती अजूनही आवडते.

त्यानं लोळवलंही पुष्कळांना. पोरवयात धक्क्यावर केळ्यांचे घड उतरवायचा, तिथून हेराल्दो वस्तादानं त्याला जिउ-जित्सू कुस्तीच्या गादीवर ओढून आणलं. मग होडीत टांगलेल्या झोळीत दिवसचे दिवस लोंबकळत बेलें शहराला जायचं, लढायचं, जिंकायचं आणि तसंच लोंबकळत परत यायचं. ताप अंगात असताना लढला, बोट मोडलेलं असताना लढला. फक्त एक लढत तो लढला नाही, आणि तीच त्याच्या डोक्यातून जात नव्हती.

रिवाज असा की एकाच तालमीतले दोघे फायनलला आले तर ते लढत नाहीत. घरातल्या घरात कसली मारामारी? वस्ताद एकाचं नाव सांगतो, पंच त्याचा हात वर करतो, दोघं गळ्यात गळे घालून फोटो काढतात. त्या वर्षी फायनलला झेनोबिओ आला आणि त्याचा जिगरी दोस्त अदेर्बाल आला. जिंकणाऱ्याला रिओच्या मोठ्या तालमीत जागा मिळणार होती. हेराल्दो वस्तादानं अदेर्बालचं नाव घेतलं. का घेतलं, ते विचारायची पद्धत नव्हती. अदेर्बाल रिओला गेला, तिथून जपानला गेला, मोठा झाला. झेनोबिओ मनाऊसलाच राहिला, सिटी बस चालवली, कोंपेन्सा वस्तीत पत्र्याच्या शेडमध्ये तालीम काढली. आणि दोन बियर पोटात गेल्या की तो सांगायचा, "लढलो असतो ना, तर मीच जिंकलो असतो." दोस्ताशी मात्र तेव्हापासून बोलणं बंद.

यंदाच्या स्पर्धेच्या शनिवारी स्टेडियममध्ये उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. झेनोबिओच्या तालमीतल्या दोन मुलींनी एकेक करत सगळ्यांना गादीवर थाप मारायला लावली, म्हणजे हार मान्य करायला लावली, आणि दोघी फायनलला येऊन ठेपल्या. एक राइसा, त्याची सख्खी नात. दुसरी केटलेन, धक्क्यावर पाव विकणाऱ्या बाईची मुलगी. लहानपणापासून निम्मं जेवण हिचं ओदेतेच्याच स्वयंपाकघरात झालेलं. जिंकणारीला साओ पाउलोच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विमानाचं तिकीट होतं. तिकीट एकच.

टेबलापाशी बसलेला स्पर्धेचा माणूस घाम पुसत म्हणाला, "वस्ताद, नाव सांगून टाका. म्हणजे मी पुढच्या वजनगटाचं सुरू करतो."

झेनोबिओला राइसाच जायला हवी होती, यात लपवण्यासारखं काय आहे? पण तिचं नाव घेतलं तर केटलेन तोंडानं हसेल आणि आयुष्यभर मनात कुढत बसेल. केटलेनचं घेतलं तर तेच दुखणं त्याच्या नातीच्या पदरात. इतकी वर्षं तो हेराल्दो वस्तादाला शिव्या घालत आला होता, आणि आता नेमका त्याच्याच जागी येऊन उभा राहिला होता.

मुलींनी त्याला गाठलंच. केटलेन म्हणाली, "वस्ताद, राइसाचं सांगा. तुमची नात आहे. मी काही तोंड फुगवणार नाही, शप्पथ."

"मीपण हेच म्हणालो होतो," झेनोबिओ म्हणाला. "बघ तोंड. फुगवटा अजून उतरलाय का?"

राइसा हसली. "मग हिचं सांगा, आजोबा. मी पुढच्या वर्षी जाईन."

"मी कोणाचंच सांगणार नाही. लढा."

दोघींचे चेहरे पडले. राइसा एक पाऊल मागेच सरकली. "हिच्याशी? सगळ्यांसमोर? अहो, तुम्हीच तर शिकवलंत, घरच्या माणसाला लोकांपुढे पाडायचं नाही म्हणून!"

"शिकवलं. चुकीचं शिकवलं."

"आणि मग आमचंही तुमच्या दोघांसारखं झालं तर?" केटलेननं विचारलं. "बोलणं बंद?"

"आमचं बोलणं लढल्यामुळे बंद झालं नाही गं," झेनोबिओ म्हणाला. "उभं राहून हसत फोटो काढला, त्यामुळे झालं. मला राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. तुम्हाला रागवायचंय ना, तर एकमेकींवर नीट रागवा. कारण घडू द्या, मग रागवा."

तो टेबलापाशी गेला आणि लढत होणार म्हणून सांगितलं. माणसानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाकांवर कुजबुज सुरू झाली, मग आरडाओरडा. "ओ पिरारुकू, उकाड्यानं डोकं फिरलं का?" दुसऱ्या तालमीचा एक वस्ताद जवळ येऊन म्हणाला, "घरचं भांडण चव्हाट्यावर आणतोस, झेनोबिओ? हेराल्दो वस्ताद असते तर काय म्हणाले असते?"

"असते तर मीच त्यांना विचारलं असतं," झेनोबिओ म्हणाला.

आपलीच दोन माणसं लढतात तेव्हा वस्ताद कोणाच्याही बाजूला बसत नाही. गादीच्या दोन टोकांना दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. झेनोबिओ खांबाला टेकून उभा राहिला, हात काखेत दाबून. ओदेते मात्र बाकावर उभी राहून दोघींच्या नावानं ओरडत होती. "सोडू नकोस, राइसा! पकड तिला, केटलेन!" शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमची नक्की कोणती हो?" ओदेते म्हणाली, "दोन्ही माझ्याच, तुम्ही गप्प बसा."

सुरुवातीला दोघी एकमेकींना इतक्या हळुवार धरत होत्या की पंच वैतागला. मग राइसाचं बोट चुकून केटलेनच्या नाकावर लागलं, केटलेननं तिला कॉलरला धरून खाली खेचलं आणि लढत सुरू झाली. राइसानं पायांची कैची घातली, तिला उलटवलं, वर बसली. गुण तिच्या बाजूला झाले. वेळ संपत आली होती. नुसतं बसून राहिली असती तरी जिंकली असती. पण राइसाला हाव सुटली. गळा आवळायला तिनं हात लांब घातला आणि कोपर अंगापासून सुटलं. झेनोबिओला ते तिच्याआधी दिसलं. "कोपर आत" हे शब्द दातांपर्यंत आले, आणि त्यानं ते तिथंच गिळले. केटलेननं तो हात धरला, कंबर फिरवली, पाय वर टाकला आणि हात उलटा ताणला. राइसानं दात-ओठ खाल्ले, मान फिरवली, आणि मग दुसऱ्या हातानं थाप मारली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग ओदेतेनं वाजवल्या, आणि हळूहळू सगळ्यांनी.

राइसा बाकांच्या मागे, पाण्याच्या नळापाशी जाऊन बसली होती. झेनोबिओ गुडघे धरत धरत तिच्या शेजारी टेकला.

"मी जिंकत होते, आजोबा."

"होतीस."

"तुम्हाला दिसलं होतं ना? ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर ती माझ्याकडून हरली असती. तुझ्याकडून नाही."

ती ढसाढसा रडली. त्यानं रडू दिलं. तिकीट गेल्याचं त्यालाही वाईट वाटत होतं, आणि तरी आतून काहीतरी हलकं झालं होतं. मग तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तू बरी. तू हरलीस. मी अजून हरलोच नाही गं. रोज सकाळी उठतो आणि ती फायनल लढतो. रोज जिंकतो, आणि हातात काही येत नाही."

राइसानं नाक पुसलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढं मोठं माणूस इतकं लहान झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"कोपर किती बाहेर गेलं होतं?" तिनं विचारलं.

"वीतभर."

केटलेन नळापाशी आली. मेडल तिनं डगल्याच्या आत दडवलं होतं, पण रिबीन गळ्यावर दिसत होती. ती लांबच उभी राहिली. "रागावलीस?"

"रागावलेय," राइसा म्हणाली. "नाकाचं ठीक आहे ना?"

"दुखतंय."

"बरं झालं. उद्या तालमीत ये. तोच डाव परत घाल, कसा सुटतो ते मला बघायचंय. आणि मी वर बसले असताना खालून इतका वेळ निघता आलं नाही तुला. साओ पाउलोत अशी लढलीस तर पहिल्याच फेरीत घरी येशील."

"उद्या रविवार आहे," झेनोबिओ म्हणाला. "तालीम बंद असते."

दोघींनी एकदमच त्याच्याकडे वळून पाहिलं.

"उघडतो बाई, उघडतो," तो म्हणाला, आणि उठायला म्हणून त्यानं दोघींपुढे एकेक हात केला.