हसिंताची यादी

माझं तोंड फटकळ आहे, हे अख्ख्या हलापा शहराला ठाऊक आहे. म्हणूनच रेमेदिओसला बाळाच्या दुकानात न्यायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. रेमेदिओस म्हणजे माझा धाकटा भाऊ फिदेन्सिओ, त्याची बायको. सातवा महिना लागला तरी घरात एक लंगोट नव्हता! आमच्याकडे आईबापांनी दुकानात हव्या त्या वस्तूंची यादी करून ठेवायची, नातेवाइकांनी त्यातलं एकेक उचलायचं. नाहीतर पाळणे पाच येतात आणि दुपटं एकही येत नाही.

"ही गाडी बघ. चाकं कशी छान फिरतात."

"तुम्हीच ठरवा, वन्सं."

"आणि अंघोळीचा टब? हिरवा की पांढरा?"

"तुम्हीच ठरवा."

"मग बाळंतपणही मीच करून घेते की!"

ती हसली नाही. हात कोटाच्या खिशातून काढले नाहीत. चार वर्षांपूर्वी याच दुकानात हिनं प्रत्येक दुपटं गालाला लावून पाहिलं होतं. ती मुलगी पोटातच गेली. नाव ठरलं होतं, हसिंता. पुढे घरात ते नाव कुणी काढलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी गप्प बसणारी बाई नाही.

काउंटरवरच्या बाईनं आमचं आडनाव संगणकात घातलं. "अहो, तुमची यादी चालूच आहे की. हसिंताची ना?"

असं वाटलं, हिची जीभ उपटून हातात द्यावी.

"वर्षभर कुणी काही घेतलं नाही की यादी बंद होते ना तुमची?" मी विचारलं.

"होते. पण हिच्यातलं दरवर्षी काहीतरी गेलंय. चौदा नोव्हेंबरला. पहिल्यांदा बूट, एक वर्षाचे. मग स्वेटर, दोन वर्षांचा. गेल्या साली रेनकोट, तीन वर्षांचा. रोख दिलेत, नाव काही नाही."

चौदा नोव्हेंबर, ती गेली तोच दिवस.

"वन्सं," रेमेदिओस हळूच म्हणाली, "ती वाढतेय."

"काय बरळतेस?"

"मापं ऐकलीत ना? ती कुठंतरी वाढतेय आणि आपलं आपण घेतेय. मी आई असून चार वर्षांत तिचं नाव घेतलं नाही. आता दुसऱ्याची यादी केली, तर ती ह्याला माझ्याकडे राहू देईल का?"

आणि ती तरातरा बाहेर गेली. बाहेर धुकं इतकं, की दोन पावलांवर दिसेनाशी झाली.

त्यानंतर तिनं ताळतंत्रच सोडलं. मी विणलेले मोजे परत पाठवले. पुढच्या रविवारी बाळाच्या स्वागताला बायका बोलावल्या होत्या, ते रद्द करा म्हणाली. "याच्यासाठी काही आणू नका. काही नसलं तर तिला कळणार नाही." पोटावर हात धरून, दाराकडे पाठ करून बसून असायची. दृष्ट काढायला मी तिच्या अंगावरून अंडं उतरवलं, पेल्यातल्या पाण्यात फोडलं. पिवळा बलक तळाला जाऊन बसला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी ते पाणी मी लांब नेऊन ओतलं.

चौदा तारखेला दुपारी मी दुकानात जाऊन पाळण्यांच्या मागे बसले. काचेला धुकं चिकटलेलं. तीनच्या सुमारास दार उघडलं. मी छातीवर क्रूस काढला.

ओली टोपी हातात घेऊन फिदेन्सिओ आत आला. भिंतीजवळची तीनचाकी सायकल त्यानं निवडली. आधी यादीत लिहायला सांगितली, मग पैसे दिले.

"अरे गाढवा!" मी पाळण्यांमागून उठले. "तू?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तिला आज चार वर्षं झाली."

"तुझी बायको तिकडे भुताला घाबरून अर्धी झालीय!"

"पहिल्या वर्षी दुकानातून फोन आला. काही घेतलं नाही तर यादी पुसून टाकू म्हणाले." तो टोपी पिळत राहिला. "इस्पितळाच्या कागदावर नुसतं 'मुलगी' लिहिलंय. थडग्यावरही नाव नाही. ताई, तिचं नाव जगात फक्त या यादीवर आहे. कसं पुसू देऊ?"

मी त्याच्या टोपीला धरून त्याला घरी नेलं, बायकोसमोर उभं करून सगळं सांगायला लावलं आणि स्वैपाकघरात जाऊन रडले.

रविवारी बायका जमल्या. आमच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीच्या छातीला कपड्याचा एकेक चिमटा लावला. दिवसभर 'बाळ' हा शब्द उच्चारायचा नाही. जी उच्चारेल तिचा चिमटा गेला. हा खेळ तर आमच्या घरात चार वर्षं चाललाच होता.

फिदेन्सिओनं नवी यादी भिंतीवर लावली होती. वर हसिंताचं नाव होतं, खाली येणाऱ्याचं. रेमेदिओस एकेक पुडकं उघडत गेली. शेवटी पिवळं दुपटं निघालं, चार वर्षांपूर्वी गालाला लावून पसंत केलेलं तेच. त्यावर देणाऱ्याची चिठ्ठी नव्हती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी फिदेन्सिओकडे पाहिलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी तर टब दिला होता, शपथ घेते.

रेमेदिओसनं दुपटं गालाला लावलं.

"हे माझ्या मोठ्या बाळानं दिलंय," ती म्हणाली. "हसिंतानं. धाकट्यासाठी."

कुणी तिचा चिमटा काढायला उठलं नाही. तिनंच तो काढला आणि माझ्या हातात ठेवला.